हंपी : एक नगर पाहण्याची रीत

सुटीत प्रवासाला निघणाऱ्या माणसाजवळ सामान्यतः दोन गोष्टी असतात : प्रेक्षणीय स्थळांची एक यादी आणि हाताशी असलेले मोजके दिवस. यादी लांब आणि दिवस थोडे, त्यामुळे प्रवासाचा बराचसा भाग एका स्थळाकडून दुसऱ्या स्थळाकडे धावण्यातच खर्ची पडतो. परत आल्यावर कुणी विचारले, तर स्थळांची नावे भराभर सांगता येतात. पण त्या नावांना जोडणारे सूत्र मात्र सांगता येत नाही. एखादे एकटे मंदिर किंवा लहानसा गड पाहायचा असेल, तर या घाईने फारसे बिघडत नाही. परंतु पाहायची वस्तू एखादी इमारत नसून सबंध नगर असेल, तर ही रीत अगदी निरुपयोगी ठरते. कर्नाटकातील हंपी हे अशा स्थळांपैकी एक होय.

हंपी म्हणजे विजयनगर साम्राज्याच्या राजधानीचे भग्नावशेष. तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावर आणि काही प्रमाणात उत्तर तीरावरही ते सुमारे ४१ चौरस किलोमीटरांच्या परिसरात विखुरलेले असून लहानमोठ्या वास्तूंची संख्या सोळाशेच्या वर जाते. सकाळी मोटारीने येऊन सायंकाळी परतणारा प्रवासी यांपैकी दहा-बारा वास्तू पाहतो, दगडी रथासमोर छायाचित्र काढून घेतो आणि ‘हंपी पाहिली’ असे म्हणतो. त्याने पाहिलेली प्रत्येक वास्तू सुंदर असते, यात शंका नाही. पण नगर त्याच्या दृष्टीस पडलेलेच नसते. ते दिसावे यासाठी काय करावे, कोणत्या क्रमाने हिंडावे आणि कशापासून सावध राहावे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

नगराचा उदय आणि अस्त

परंपरेनुसार विजयनगरची स्थापना १३३६ साली हरिहर आणि बुक्क या बंधूंनी केली. परंतु हे स्थान त्याही आधीपासून पवित्र मानले जात होते. पंपादेवी आणि तिचा पती विरूपाक्ष यांचे हे क्षेत्र. ‘हंपी’ हे नाव ‘पंपा’ या शब्दावरूनच आले आहे. राजधानी म्हणून या स्थळाची निवड झाली, तेव्हा येथे एक जुने तीर्थक्षेत्र होते, भोवती दुर्गम खडकाळ टेकड्या होत्या आणि सहज ओलांडता न येणारी नदी होती. धर्म आणि संरक्षण या दोहोंचा आधार येथे एकाच ठिकाणी मिळत होता.

पुढील दोन शतकांत संगम, साळुव आणि तुळुव या घराण्यांच्या राजवटीत नगर वाढत गेले. कृष्णदेवरायाच्या कारकीर्दीत, म्हणजे १५०९ ते १५२९ या काळात, त्याचा वैभवकाल आला. १४४३ साली येथे आलेला इराणी वकील अब्दुर रझ्झाक याने एकाआत एक अशा सात तटबंद्यांचे वर्णन केले आहे. १५२० च्या सुमारास आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाला हे नगर रोमएवढे मोठे वाटले. ते एका दृष्टिक्षेपात पाहावे म्हणून तो टेकडीवर चढला. पण वस्ती टेकड्यांच्या अनेक रांगांमध्ये पसरलेली असल्यामुळे सगळे नगर काही त्याला दिसू शकले नाही. आजच्या प्रवाशाने पाइशचा हा अनुभव लक्षात ठेवावा. हंपी एका जागी उभे राहून दिसत नाही, हे त्या नगराच्या भरभराटीच्या काळातही खरे होते.

जानेवारी १५६५ मध्ये विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बिदर येथील सुलतानांच्या संयुक्त सैन्याने रामरायाचा पराभव केला. इतिहासात ही लढाई तालिकोटची किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणून प्रसिद्ध आहे. रामराया मारला गेला, राजघराण्यातील मंडळी पेनुकोंड्याकडे निघून गेली आणि उघड्या पडलेल्या राजधानीची लूट व जाळपोळ झाली. त्यानंतर तिला राजधानीचे वैभव पुन्हा प्राप्त झाले नाही. मात्र ‘नगर उजाड झाले’ या वाक्याला एक पुस्ती जोडावी लागते. विरूपाक्षाची पूजा पुढेही चालू राहिली, ती आजतागायत चालू आहे. हंपी पूर्णपणे मृत असे कधी झालेच नाही.

खडक आणि पाणी

हंपीला पोहोचताच प्रथम नजरेत भरतात ते खडक. एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे दिसणारे प्रचंड गोटे पाहून हे भूकंपाने वा एखाद्या उत्पाताने येथे येऊन पडले असावेत, असे वाटते. पण तसे नाही. हा ग्रॅनाइट सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा आहे. त्याला पडलेल्या भेगांतून पाणी शिरत गेले, ऊन-पावसाने कडा झिजत गेल्या आणि जागच्या जागीच या शिळा गोलाकार झाल्या. नगर बांधणाऱ्यांनी या खडकांचा तीन प्रकारे उपयोग केला : तटबंदीचा भाग म्हणून, मूर्तीसाठी आणि बांधकामाच्या दगडासाठी. चालता चालता एखाद्या शिळेच्या कडेला समान अंतरावर कोरलेल्या चौकोनी खाचांची रांग दिसली, तर तेथे क्षणभर थांबावे. त्या खाचांत पाचरी ठोकून दगड फोडला जात असे. काही ठिकाणी खाचा तयार आहेत, पण शिळा फोडलेली नाही. काम अर्धवट टाकून पाथरवट नुकताच उठून गेला असावा, असे वाटते.

दुसरी गोष्ट पाण्याची. रखरखीत खडकांच्या मध्येच ऊस, केळी आणि भात यांची हिरवीगार शेते दिसतात, याचे प्रवाशाला आश्चर्य वाटते. ही शेते ज्या कालव्यांवर पिकतात, त्यांपैकी काही विजयनगरकालीन आहेत. तुर्तू कालवा मंदिरांचा परिसर आणि राजवाड्यांचा परिसर यांच्या मधल्या खोऱ्यातून आजही वाहतो. लाखो लोकांच्या नगराला अन्न कोठून मिळत असेल, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर या कालव्याच्या काठी उभे राहिल्यावर मिळते. प्रवाशांच्या याद्यांत त्याचे नाव क्वचितच आढळते. पण एवढ्या अवशेषांत जे अद्यापि आपले मूळचे काम करीत आहे, असे फार थोडे आहे, आणि त्यात या कालव्याची गणना करावी लागेल.

पहिला दिवस : आधी नकाशा, मग टेकडी

ज्याला हंपी समजून घ्यायची आहे, त्याने तिच्यासाठी किमान तीन दिवस ठेवावेत. पहिल्या दिवसाचा आरंभ विरूपाक्ष मंदिरापासून न करता कमलापूर येथील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयापासून करावा. तेथे सबंध परिसराची लहान प्रतिकृती मांडलेली आहे. नदी कशी वळते, टेकड्या कोठे आहेत, मंदिरे नदीकाठी आणि राजवाडे दक्षिणेला सपाटीवर का आहेत, हे त्या प्रतिकृतीभोवती अर्धा तास हिंडल्याने जेवढे स्पष्ट होते, तेवढे दिवसभर हिंडूनही होत नाही. या खात्याची संग्रहालये शुक्रवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवसांची आखणी करावी.

दुपारी ऊन उतरल्यावर हेमकूट टेकडीवर जावे. ही टेकडी उंच नाही. म्हातारी माणसे आणि मुलेही तेथे सहज जाऊ शकतात. पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची लहान लहान देवळे तेथे आहेत. त्यांतील काही विजयनगरच्या स्थापनेपूर्वीची आहेत. ती जैन मंदिरे असल्याचे वाटाड्या पुष्कळदा सांगतो. शिखराच्या आकारावरून हा समज पसरला आहे. वस्तुतः ही शिवालये आहेत. येथूनच आपल्याला एक धडा घेता येतो : वाटाड्याचे सांगणे आदराने ऐकावे, परंतु ते डोळ्यांनी पडताळून पाहावे.

टेकडीच्या उतारावर गणपतीच्या दोन मोठ्या मूर्ती आहेत. एकीला ‘कडलेकाळु’ म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याचा आणि दुसरीला ‘सासिवेकाळु’ म्हणजे मोहरीच्या दाण्याचा गणपती म्हणतात. ‘हरभरा’ साडेचार मीटर उंच आहे आणि ‘मोहरी’ सुमारे अडीच मीटर! लोकांच्या विनोदबुद्धीचा हा नमुना ध्यानात राहण्यासारखा आहे.

तेथून थोड्याच अंतरावर नरसिंहाची मूर्ती आहे. एकाच शिळेतून १५२८ साली कोरलेली ही मूर्ती ६.७ मीटर उंच आहे. तिचे मोठे डोळे आणि भंगलेला जबडा पाहून लोक तिला ‘उग्र नरसिंह’ म्हणू लागले. परंतु थोडे बाजूला जाऊन पाहिले, तर देवाच्या पाठीवर एक कोमल हात टेकलेला दिसतो. तो लक्ष्मीचा हात. मांडीवर बसलेली लक्ष्मी फोडली गेली. तिचा हात मात्र राहिला. म्हणजे ही मूर्ती उग्र नरसिंहाची नसून लक्ष्मी-नरसिंहाची होती. समोरून छायाचित्र घेऊन परतणाऱ्याला हा हात दिसत नाही. शेजारीच बडविलिंग म्हणून ओळखले जाणारे सुमारे तीन मीटर उंचीचे शिवलिंग आहे. कालव्याचे पाणी त्याच्या तळाशी खेळवलेले आहे.

दिवसाचा शेवट विरूपाक्षाच्या मंदिरात करावा. रंगमंडप कृष्णदेवरायाच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने १५१० साली उभारला गेला, असे तेथील शिलालेख सांगतो. त्याच्या छताकडे मान वर करून पाहावे. रंगचित्रांत विद्यारण्यांची पालखी निघालेली दिसते. मंदिराच्या मागील भागात एका अंधाऱ्या दालनात भिंतीच्या छिद्रातून प्रकाश येतो आणि समोरच्या भिंतीवर पूर्वेकडील उंच गोपुराची उलटी छाया पडते. हा चमत्कार नसून प्रकाश सरळ रेषेत जातो या नियमाचा परिणाम आहे. पण हे ठाऊक असूनही ती छाया पाहताना मन प्रसन्न होतेच. सूर्यप्रकाश चांगला असतानाच ती नीट दिसते, म्हणून तिच्यासाठी दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी पुन्हा यावे लागल्यास कंटाळा करू नये.

दुसरा दिवस : पायवाटेने विठ्ठल मंदिराकडे

दुसऱ्या दिवशी पहाटे मातंग टेकडी चढावी. परिसरातील ही सर्वांत उंच जागा. वाट दगडी पायऱ्यांची आणि काही ठिकाणी खडकांवरून जाणारी आहे. विजेरी जवळ असावी, सोबतीवाचून जाऊ नये आणि पाऊस पडून गेला असेल, तर हा बेत सोडून द्यावा. सूर्य वर आला, की आदल्या दिवशी संग्रहालयात पाहिलेली प्रतिकृती आता खऱ्या आकाराने पायांखाली पसरलेली दिसते : उत्तरेला नदी, तिच्यापलीकडे आनेगुंदी, पश्चिमेला विरूपाक्षाचे गोपुर आणि त्याच्यासमोरची सरळ बाजारपेठ, खाली अच्युतरायाचे मंदिर आणि त्याचीही स्वतंत्र पेठ. प्रत्येक मोठ्या मंदिरासमोर एक रुंद रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने मंडप, ही रचना वरून पाहताच ध्यानात येते. मंदिर हे केवळ पूजेचे स्थान नव्हते. रथ, यात्रा आणि बाजार यांना एकत्र बांधणारे ते केंद्र होते.

खाली उतरून अच्युतरायाच्या मंदिरातून नदीकाठच्या पायवाटेला लागावे. विरूपाक्षाच्या पेठेपासून विठ्ठल मंदिरापर्यंतची ही वाट सुमारे दोन किलोमीटरांची आहे. मोटारीने येणारे प्रवासी दुसऱ्या बाजूने, लांबच्या रस्त्याने येतात आणि शेवटचा सुमारे एक किलोमीटर विजेवर चालणाऱ्या गाडीतून जातात. त्यांना ही वाट दिसतच नाही. वाटेत कोदंडराम मंदिर लागते, नदीच्या पात्रात जुन्या पुलाचे दगडी खांब उभे असलेले दिसतात आणि पुढे दोन खांबांवर आडवी तुळई असलेली कमान लागते. तिला राजाची तुला म्हणतात. नदीत वेताच्या गोल, टोपलीसारख्या होड्या दिसतात. पाइशनेही या नदीवर अशाच होड्या पाहिल्या होत्या.

विठ्ठल मंदिराचे आवार हा हंपीतील शिल्पकलेचा कळस मानला जातो. आवारातील दगडी रथ हे वास्तविक गरुडाचे मंदिर आहे. २०१७ सालापासून पन्नास रुपयांच्या नोटेवर त्याचे चित्र असल्यामुळे तो देशभर परिचित झाला आहे. तो एकाच दगडाचा असल्याचा समज आहे. प्रत्यक्षात तो अनेक दगड जोडून बांधलेला असून सांधे कोरीवकामात लपवले आहेत. अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ साली घेतलेल्या छायाचित्रांत या रथावर विटांचे शिखर दिसते. ते आज नाही. रथापुढचे हत्तीही मागाहून आणून बसवलेले आहेत. तेथे पूर्वी घोडे होते, हे शिल्लक राहिलेल्या त्यांच्या मागील पायांवरून कळते. अवशेषसुद्धा स्थिर नसतात, त्यांनाही स्वतःचा इतिहास असतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

मुख्य मंडपातील खांबांभोवती एकाच शिळेतून बारीक खांबुले कोरलेले आहेत. त्यांवर आघात केला असता निरनिराळे नाद निघतात. पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांनी ते वाजवून पाहिले. प्रत्येकाने एकदाच टिचकी मारली असेल. पण एकेकाच्या टिचक्या मिळून दगड झिजला. आता या मंडपात प्रवेश बंद आहे. आपल्याला तो नाद ऐकता येत नाही याबद्दल खंत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या आधी आलेल्यांच्या कुतूहलाची किंमत आपण देत आहोत, हे समजून घ्यावे आणि आपल्यामागून येणाऱ्यांवर तशी पाळी आणू नये.

या मंदिराच्या गर्भगृहात आज मूर्ती नाही. मराठी वाचकाला ते रिते गर्भगृह पाहून एक कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. पंढरपूरचा विठ्ठल विजयनगरला नेण्यात आला होता आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, असे वारकरी परंपरा सांगते. ही परंपरेची कथा आहे, शिलालेखाचा पुरावा नव्हे. तरीही विठ्ठलाची भक्ती कन्नड आणि मराठी या दोन्ही प्रदेशांत किती खोल रुजलेली आहे, याची ती साक्ष देते.

तिसरा दिवस : राजवाडे आणि नावांचा घोटाळा

तिसरा दिवस दक्षिणेकडील राजपरिसरासाठी ठेवावा. येथे प्रवाशाची थोडी निराशा होते. मंदिरे एवढी भव्य, आणि राजवाड्यांची मात्र केवळ जोतीच शिल्लक! याचे कारण बांधकामाच्या साहित्यात आहे. मंदिरे आपादमस्तक दगडाची होती, तर राजवाड्यांचे जोते दगडाचे आणि वरचा भाग लाकडाचा असे. आगीत लाकूड जळून गेले, दगड राहिला. म्हणून आज जे उभे आहे, त्यावरून राजाचे घर देवाच्या घराहून साधे होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

महानवमी दिब्बा या उंच चौथऱ्याच्या भिंती सावकाश पाहाव्यात. शिकारी, नर्तकी, उंट आणि घोडे घेऊन आलेले परदेशी व्यापारी त्यांवर कोरलेले आहेत. विजयनगरला उत्तम घोडे समुद्रमार्गे बाहेरून आणावे लागत. जवळच हजारराम मंदिर आहे. त्याच्या बाहेरील आवारभिंतीवर मिरवणूक कोरली आहे : तळाच्या थरात हत्ती, त्यावर घोडे, त्यावर सैनिक आणि त्याच्याही वर नर्तकी. आतील मंडपाच्या बाह्य भिंतीवर रामकथा तीन ओळींत मांडलेली आहे. प्रदक्षिणा घालीत ती वाचत जावी. मुले बरोबर असतील, तर कोणता प्रसंग कोठे आहे हे त्यांनाच शोधू द्यावे. त्यांना सांगावे लागत नाही एवढी ती कथा परिचित आहे.

दिब्ब्याच्या परिसरात काळसर दगडाची एक पायऱ्यांची पुष्करिणी आहे. ती शेकडो वर्षे मातीखाली होती आणि १९८० नंतरच्या दशकात उत्खननात उघडी पडली. तिच्या दगडांवर कारागिरांच्या खुणा आहेत. कोणता दगड कोणत्या दिशेला आणि कोणत्या थरात बसवायचा, हे त्या खुणा सांगतात. म्हणजे हे दगड आधी घडवून, मग ठरलेल्या क्रमाने जोडले गेले. या खुणा पाहिल्या, की राजाच्या नगरात प्रथमच एका मजुराची गाठ पडल्यासारखे वाटते.

येथील वास्तूंच्या नावांविषयी मात्र सावध राहावे. ‘राणीचे स्नानगृह’, ‘जनाना’, ‘कमळमहाल’ ही नावे नगर उजाड झाल्यावर बऱ्याच काळाने, लोकसमजुतीतून आणि अंदाजाने पडलेली आहेत. जनाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आवारात राण्याच राहत असत, याला भक्कम पुरावा नाही. त्याला लागूनच अकरा दालनांची हत्तींची पागा आहे, ही गोष्टही विचार करायला लावणारी आहे. फलकावरचे नाव वाचून पुढे जाण्यापेक्षा ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारावा. कमळमहालाच्या कमानी आणि वरची शिखरे यांत दोन निरनिराळ्या वास्तुपरंपरा शेजारीशेजारी सुखाने नांदताना दिसतात. तेवढे पाहण्यासाठी नावाची आवश्यकता नाही.

गर्दी जेथे जात नाही

कमलापूरहून नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरात दोन लहान वास्तू आहेत. गाणिगित्ती जैन मंदिर हे त्यांपैकी एक. त्याच्या समोरील दीपस्तंभावरच्या लेखानुसार हरिहर दुसरा याचा सेनानी इरुगप्प याने ते १३८५ साली बांधविले. दुसरी वास्तू म्हणजे अहमदखानाची मशीद. देवराय दुसरा याच्या सेवेतील या अधिकाऱ्याने ती १४३९ साली बांधली, आणि तिच्या लेखात तिचा उल्लेख ‘धर्मशाळा’ असा आहे. तिचे खांब आणि छत मंदिरांच्या मंडपांसारखेच आहे. विजयनगरचा इतिहास हा केवळ दोन धर्मांच्या संघर्षाचा इतिहास आहे, असे मानणाऱ्याने या दोन वास्तूंपर्यंत अवश्य चालत जावे. राजा, जैन सेनापती आणि मुसलमान अधिकारी एकाच नगरात राहत होते, आणि त्याच नगराचा नाश युद्धाने झाला. यांतील कोणतीही गोष्ट दुसरीला खोटी ठरवीत नाही.

चौथा दिवस हाताशी असेल, तर नदीपलीकडे आनेगुंदीला जावे. हे हंपीहून जुने गाव असून तेथील लोकांचे रोजचे जीवन जुन्या वेशी आणि तटांच्या सान्निध्यात चालू आहे. या परिसरालाच रामायणातील किष्किंधा मानतात. होडीने नदी ओलांडणे सोपे. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो.

काही व्यवहारोपयोगी सूचना

हंपीला जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत खडक तापतात आणि दुपारी हिंडणे अशक्य होते. जवळचे रेल्वे स्थानक होसपेटे येथे आहे. तेथून हंपी सुमारे १३ किलोमीटरांवर आहे. महाराष्ट्रातून आणि गोव्यातून येणाऱ्यांना हुबळीला येऊन गदग, कोप्पळमार्गे होसपेटेला पोहोचता येते. राहण्याची सोय होसपेटे, कमलापूर आणि हंपीच्या परिसरात होते. हंपी हे तीर्थक्षेत्र असल्यामुळे गावात मद्य व मांसाहार वर्ज्य मानला जातो. पाहुण्याने हा संकेत पाळावा.

विठ्ठल मंदिर, कमळमहालाचे आवार आणि संग्रहालय यांसाठी तिकीट लागते. तेच तिकीट त्या दिवशी इतर ठिकाणी चालते का, हे खिडकीवर विचारून घ्यावे. सकाळी लवकर निघावे, दुपारी बारा ते तीन विश्रांती घ्यावी आणि पुन्हा सायंकाळी बाहेर पडावे. फिरण्यासाठी भाड्याची सायकल सोयीची. पायांत मजबूत, पण झटकन काढता येतील असे जोडे असावेत, कारण पूजा चालू असलेल्या मंदिरांत ते बाहेर ठेवावे लागतात. डोक्याला टोपी, भरपूर पाणी आणि दूरवरची शिल्पे न्याहाळण्यासाठी लहान दुर्बीण जवळ असावी. खाद्यपदार्थ हातात उघडे धरून चालू नये. माकडे ते हिसकावून घेतात. नदी शांत दिसली, तरी तिच्यात पोहण्याचा मोह टाळावा. खडकांमधून भोवरे असतात आणि वरच्या धरणातून पाणी सोडल्यावर पातळी एकाएकी चढते.

एक लहान वही जवळ ठेवावी. दिवसाच्या शेवटी पाहिलेल्या वास्तूंची नावे लिहिण्याऐवजी पडलेले प्रश्न लिहावेत. हे कालवे कोणी खोदले? लाकूड कोठून आणीत? पेठेत काय विकले जात असे? दुसऱ्या दिवशीची वाट हे प्रश्नच दाखवतात.

पाहणाऱ्याची जबाबदारी

हंपीचा समावेश १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत झाला. पुढे परिसरात उभारल्या जाणाऱ्या पुलांसारख्या बांधकामांमुळे १९९९ साली तिचे नाव धोक्यात असलेल्या स्थळांच्या यादीत गेले आणि २००६ साली त्या यादीतून काढले गेले. त्यांपैकी आनेगुंदीचा पूल बांधकाम चालू असतानाच २००९ साली कोसळला. विरूपाक्षाच्या पेठेतील जुन्या मंडपांत अनेक कुटुंबे राहत होती आणि त्यांची दुकाने होती. २०११ साली ती घरे व दुकाने पाडण्यात आली. मंडप मोकळे झाले, पण पेठ सुनी झाली. पलीकडे जाण्यासाठी गावकऱ्यांना पूल हवा असतो, मंडपांत राहणाऱ्यांना घर हवे असते आणि अवशेषांना संरक्षण हवे असते. यांतील एकाचीच बाजू घेऊन निकाल देणे दोन दिवसांच्या पाहुण्याला सोपे असते. पण ते न्याय्य होईलच असे नाही. त्याने निदान एवढे करावे, की स्थानिक माणसाच्या हॉटेलात जेवावे, त्याची होडी आणि सायकल वापरावी, परवानाधारक वाटाड्याला योग्य मोबदला द्यावा आणि या लोकांना अवशेषांच्या वाटेतील अडथळा न समजता नगराचे आजचे रहिवासी समजावे.

२०१९ साली एका विष्णुमंदिराच्या आवारातील खांब काही तरुणांनी ढकलून पाडला. ते दृश्य देशभर पाहिले गेले. न्यायालयाने त्यांना दंड केला आणि तो खांब त्यांच्याकडूनच पुन्हा उभा करवून घेतला. ही शिक्षा फार समर्पक होती, असे म्हटले पाहिजे. एक खांब उभा करायला किती हात आणि किती श्रम लागतात, हे त्या तरुणांना त्या दिवशी समजले असेल. नगर पाहण्याची खरी रीत हीच, की तो खांब प्रथम ज्यांनी उभा केला, त्यांचे श्रम तो पाडण्याआधीच आपल्या ध्यानात यावेत. ज्याच्या ध्यानात ते येतात, त्याला तीन दिवस अपुरे वाटतात. सोळाशे वास्तूंपैकी साठच पाहून झालेल्या असल्या, तरी अशा माणसाने ‘मी हंपी पाहिली’ असे म्हटले, तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.